तांडेलाला कळतं

दिनानाथ नाखव्याची पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या लोकांबद्दल एकच तक्रार होती, ती म्हणजे सगळी माणसं भली होती. भांडायला कोणी तयारच नाही. करंजाला आपल्या कोळीवाड्यात असता तर सकाळी उठल्याउठल्या जाळ्यावरून, वाटेवरून, नाहीतर नुसत्या खाकरण्यावरून कोणाशी तरी जुंपली असती, आणि दुपारी त्याच माणसाच्या घरी चहा पिऊन मिटलीही असती. इथे तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं की समोर दुसरं दार, आणि ते बंद. समोरच्या अरुंधतीबाई भेटल्या की ‘काका, बरं आहे ना?’ म्हणायच्या, आणि हा ‘बरं हाय’ म्हणेपर्यंत लिफ्ट खाली गेलेली असायची.

जन्म दर्यावर काढलेला माणूस. करंजाच्या बंदरात त्याला सगळे तांडेलच म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. तो म्हणेल तेव्हा निघायचं, तो म्हणेल तिथे जाळं टाकायचं. मग बायको गुणाबाई गेली, पाठोपाठ गुडघे गेले, होडी विकली, आणि एकुलत्या एका मुलीनं, अंकितानं, त्याला पनवेलात आणून ठेवलं. ‘डॉक्टर जवळ आहे, बाजार जवळ आहे, लिफ्ट आहे,’ ती म्हणाली. सगळं जवळ होतं, खोटं कशाला बोला. लांब होती ती अंकिताच.

अंकिता ओडिशाच्या किनाऱ्यावर एका लष्करी तळावर नोकरीला होती. तिथून क्षेपणास्त्रं सोडून बघतात, आणि अलीकडे शास्त्रज्ञांचे लहानसे उपग्रहही तिथूनच वर धाडू लागले होते. त्यात ती नेमकं काय करते ते दिनानाथला ठाऊक नव्हतं. ‘बाबा, मला सांगता येत नाही,’ असं तिनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, आणि ‘मना तरी समजून काय करायचं हाय?’ म्हणून यानंही विषय मिटवला.

रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. बोलणं सगळं मासळीचं. पनवेलच्या मार्केटात जिताडा आला का, खाडीच्या निवट्या अजून मिळतात का, तिकडच्या हिलशाला काटे किती. फोन फार लांबत नसे, पण दिनानाथ त्याच्यावर आठवडा काढायचा. शनिवारी मार्केटात जाऊन सांगण्याजोगं काहीतरी हुडकून आणायचा. नाहीच काही सापडलं तर स्वतः रचायचा. एकदा एका कोळणीनं हवालदाराच्या पाठीत पापलेट हाणल्याची हकिकत त्यानं अशी रंगवली की पुढच्या रविवारी अंकितानं त्या कोळणीची चौकशी केली, आणि याला घाईघाईनं तिला पोलीस चौकीतून सोडवून आणावं लागलं.

कधीकधी मात्र फोन यायचा नाही. पहिल्यांदा असा रविवार कोरडा गेला तेव्हा तो रात्री उशिरापर्यंत फोन हातात घेऊन बसला. लावून बघितला तर बंद. दुसऱ्या दिवशी बंद. जेवण गोड लागेना, आणि कोणाला सांगावं तर समोरचं दार बंद. मग एका दुपारी टीव्हीवर बातमी आली, ओडिशाच्या किनाऱ्यावरून क्षेपणास्त्राची चाचणी यशस्वी. पांढऱ्या धुराचा लोट, टाळ्या वाजवणारी माणसं. त्याच संध्याकाळी अंकिताचा फोन आला, आवाज थकलेला पण आतून खुशीतला.

‘कुठं होतीस गो?’

‘कामात होते, बाबा.’

‘बरं. आज बोंबील चांगले होते.’

एवढ्यावर दोघांनी ते संपवलं. पण तांडेल तो तांडेल. पाण्याचा रंग, वाऱ्याचा वास, पाखरं कुठल्या अंगाला वळली, यावरून उद्याचं ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला पोटच्या पोरीच्या बोलण्यातला फरक किती दिवस लपणार? तिकडे मोठं काम जवळ आलं की अंकिता आधीच्या रविवारी हमखास म्हणायची, ‘बाबा, प्रेशरच्या गोळ्या आणून ठेवा. जास्तीच्या आणा.’ एरवी गोळ्यांचं नाव नसायचं. काम सुरू झालं की फोन बाहेर ठेवून आत जावं लागतं, मग बाबांना काही लागलं तर, हा घोर तिच्या तोंडून असा बाहेर पडायचा. आपण दर वेळी असं म्हणतो हे तिला बिचारीला ठाऊकही नसावं. दिनानाथला मात्र ते पक्कं झालं होतं. गोळ्या म्हटलं की त्या आठवड्यात तिकडे काहीतरी उडणार. तो गोळ्या आणायचा, टीव्हीसमोर बसायचा, आणि धुराचा लोट दिसला की रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणायचा, ‘सुटला बघ!’ आपल्या पोरीच्या पोटातलं आपल्याला न सांगता कळतं, या अभिमानावर त्याचे ते फोनाविनाचे दिवस निघून जायचे.

इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते कान्हूमुळे, आणि खरं सांगायचं तर कान्हूमुळेही नाही.

कान्हू हा दिनानाथच्या होडीवरचा जुना खलाशी. ओडिशाहून पोरवयात करंजाला आला, तांडेलाच्या हाताखाली मार खात, भाकऱ्या खात मोठा झाला, आणि पुढे गावी परतून त्यानं स्वतःची लहानशी होडी केली. योगायोग असा की त्याचं गाव त्या तळापासून जवळच. सणासुदीला त्याचा फोन असायचा, अर्धा हिंदीत, अर्धा कोळी बोलीत. एकदा बोलता बोलता तो रडकुंडीला आला. तळावरून काही सुटायचं असलं की समुद्र बंद ठेवायची सूचना लागते, ती बंदरावर. पण हे लोक तोवर जाळी टाकून लांब पाण्यात. मग गस्तीची बोट येऊन हाकलते, आणि जाळी तिथेच सोडून पळावं लागतं.

‘मेरा नवा जाळा गया, तांडेल,’ कान्हू म्हणाला. ‘पूरा गया.’

करंजाचा एक शिरस्ता होता. दर्याचं लक्षण बिघडलेलं ज्याला आधी दिसेल, त्यानं आपलं जाळं ओढायच्या आधी आजूबाजूच्या होड्यांना हाळी द्यायची. आपलं जाळं नंतर. मग तो शेजारी वैरी का असेना. ज्यानं ओळखून तोंड मिटून घेतलं, त्याच्या हातचा नारळ नारळी पुनवेला कोणी घेत नसे. दिनानाथनं उभ्या आयुष्यात हा शिरस्ता मोडला नव्हता. म्हणून पुढच्या खेपेला अंकितानं गोळ्यांचं नाव काढलं, तेव्हा त्यानं फोन ठेवला आणि लगोलग कान्हूला लावला.

‘कान्हू, या आठवड्यात लांब जाऊ नको. जाळी घरात ठेव.’

‘क्यूं, तांडेल?’

‘मी सांगतो म्हणून.’

तांडेलानं सांगितलं म्हटल्यावर कान्हूला कारण लागत नव्हतं. ते बरोबर निघालं. त्याच्या पुढच्या वेळीही निघालं. यात आपण काही गुपित फोडतोय हे दिनानाथच्या स्वप्नातही आलं नाही. पोरीनं काही सांगितलं नव्हतं, यानं काही विचारलं नव्हतं. वारा ओळखला आणि हाळी दिली, यात चोरी कसली? तिकडे कान्हूनंही तोच शिरस्ता पाळला. साडूला सांगितलं, साडूनं भावाला सांगितलं, आणि एका सकाळी सूचना लागायच्या आधीच त्या बंदरातली एकही होडी हलली नाही. भरल्या हंगामात समुद्र मोकळा बघून तळावरच्या लोकांचे डोळे उघडले. त्यांनी बंदरावर येऊन विचारलं. कान्हू छाती फुगवून म्हणाला, ‘हमारे तांडेल ने बोला. उनकी बेटी अंदर है ना.’

अंकिताचा फोन आडवारी आला, भर दुपारी. दिनानाथ जेवायला बसला होता.

‘बाबा, कान्हूकाकांना तुम्ही काय सांगितलंत?’

तो आवाज ऐकूनच त्याचा हात ताटात थांबला. त्यानं जे होतं ते सांगितलं.

‘मी तर तुम्हाला कधीच काही बोलले नाही.’

‘नाय बोललीस. तू नुसत्या गोळ्या आणायला सांगतेस.’

‘गोळ्या?’

‘हां. काम जवळ आलं का तू गोळ्यांचं बोलतेस. मना कळतं.’

अंकिता हसली, पण ते हसू ऐकवत नव्हतं. ‘म्हणजे बापाला गोळ्या आण म्हणणं हासुद्धा माझा गुन्हा झाला.’ मग तिनं सांगितलं. या वेळी क्षेपणास्त्र नव्हतं, उपग्रह होता. समुद्राचं पाणी कुठे तापतंय, कुठे वळतंय ते वरून मोजणारा. ‘हे छापून आलंय, सांगायला हरकत नाही,’ ती म्हणाली. त्याच्यातलं एक यंत्र तिच्या हातचं. लग्नाचा विषय, दिवाळीची सुट्टी, आईचं वर्षश्राद्ध, सगळं तिनं त्याच्यापायी पुढे ढकललं होतं. आणि आता चौकशी होईपर्यंत तिला बाहेर बसवलं होतं. उपग्रह जाणार होता, तिच्याशिवाय.

‘माझं चुकलं, बाय,’ दिनानाथ म्हणाला. फोन तोवर बंद झाला होता.

दोन दिवसांनी टीव्हीवर धुराचा लोट दिसला. त्यानं टीव्ही बंद केला. पोरीचं यंत्र वर गेलं आणि पोरगी कुठल्यातरी खोलीत एकटी बसली असेल, हे त्याला सहन होईना. आपण इतकी वर्षं दर्यावर एवढं ओळखलं, आणि आपल्याच घरातलं एवढंसं ओळखू नये? लाज वाटली त्याला, आणि ती कोणापाशी बोलायचीही सोय नव्हती.

मग दोघं जण घरी आले. साधे कपडे, पायांत मात्र चकचकीत बूट. त्यांतला एक मराठी होता, अदबीनं बोलणारा. गुणाबाईच्या फोटोखाली बसून त्यानं पाणी घेतलं.

‘काका, तारीख तुम्हाला कोणी सांगितली?’

‘कोणीच नाय.’

‘मग कळली कशी?’

दिनानाथनं उठून कपाटातून गोळ्यांचे पत्ते आणले आणि त्यांच्यासमोर ठेवून सगळं पहिल्यापासून सांगितलं. रविवार, मासळी, घोर, कान्हूचं जाळं. दुसरा साहेब आधी त्याच्याकडे संशयानं बघत होता, नंतर जमिनीकडे बघायला लागला.

‘पोरीची चूक नाय, साहेब. मना शिक्षा करा.’

‘तिनं काही फोडलेलं नाही, ते आम्हालाही दिसतंय,’ मराठी साहेब म्हणाला. ‘तिच्याइतकं काम दुसऱ्या कोणाला येतही नाही. पुढच्या उपग्रहावर तीच हवी आहे. पण काका, ज्याच्या घरच्यांना बसल्या जागी तारीख कळते, त्याला तारखेजवळ उभं करता येत नाही. तुम्ही आता कोणाला सांगणार नाही, हे मला पटतंय. पण तुम्हाला कळणारच. आणि तुम्हाला कळतं हे आता त्या बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे.’

जाताना त्यानं चक्क वाकून नमस्कार केला. दिनानाथला त्या नमस्काराचा राग आला. भांडला असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारी अंकिताचा फोन वेळेवर आला. आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता.

‘बाबा, मी ठरवलंय. बदली मागते. पुण्याला कागदांचं काम आहे, कोणाला काही लपवायला नको. दर शनिवारी पनवेलला येईन. मार्केटला तुमच्याबरोबर येईन. ती पापलेटवाली कोळीण बघायचीच आहे मला.’

गुणाबाई गेल्यापासून त्यानं देवाकडे दुसरं मागितलं काय होतं? शनिवारी दार वाजेल. दोन ताटं लागतील. ती काटे काढत बसेल आणि हा तिला हसेल. नुसतं ‘ये’ म्हणायचं होतं. पोरगी त्याच्या होकाराला थांबली होती.

‘आणि तुझं ते वरचं यंत्र?’ त्यानं विचारलं.

‘दुसरं कोणीतरी करील पुढचं.’

‘तुझ्यासारखं?’

ती बोलली नाही. तेवढ्यात त्याला सगळं कळलं. ज्या गोष्टीवर माणसाचा जीव असतो ती सोडताना माणूस कसा गप्प होतो, ते त्यानं होडी विकली त्या दिवशी अनुभवलं होतं.

‘बदली मागू नको,’ तो म्हणाला. ‘तू असं कर. मना फोन करू नको.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे करूच नको. तू बोललीस का मना कळतं. नाय बोललीस तरी कळतं. रविवारी केलास तरी कळंल, आडवारी केलास तरी कळंल. आवाजावरनं कळंल. मी काय करू गो, माझं डोकंच तसं हाय. तवा तू त्या कामावर हायेस तोवर फोन नको, पत्र नको. साहेबाला सांग, आता बापाला काय बी कळत नाय.’

‘आणि तुम्हाला काही झालं तर?’

‘समोरच्या बाईकडे तुझ्या ऑफिसचा नंबर ठेवतो. मेलो तर त्या कळवतील. भल्या हायेत.’

‘बाबा, असं काय बोलता!’ ती रडायला लागली. त्यालाही भरून आलं, पण त्यानं आवाज चढवला. ‘रडू नको! ठेव आता.’ आणि तिनं ठेवायच्या आधी त्यानंच ठेवला. मग अंधार पडेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. उठून दिवा लावावा असंही त्याला वाटलं नाही.

अरुंधतीबाईंना त्यानं नंबर दिला. त्यांनी तो फ्रिजवर लावून ठेवला आणि विचारलं, ‘अंकिता बरी आहे ना?’

‘बरी असंल,’ तो म्हणाला. पुढे मराठी साहेबाचा एकच फोन आला, तिला परत घेतलंय एवढं सांगायला. त्यानंतर काही नाही.

रविवार येत राहिले. सुरुवातीला दिनानाथ संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मग लक्षात आलं की वाजणारच नाही त्याला लांब ठेवून काय करायचं, म्हणून तो पुन्हा खिशात ठेवायला लागला. टीव्हीवर धुराचा लोट दिसला की त्याला आता काहीच सांगता येत नसे. अंकिता तिथे होती की नव्हती? दमली होती की खुशीत होती? टाळ्या वाजवणाऱ्यांच्या रांगेत तो चेहरे शोधायचा आणि चेहरे दिसायच्या आत जाहिरात लागायची. शनिवारी मार्केटला जायची सवय मात्र सुटली नाही. आणि गंमत बघा, आता रचायची गरजच उरली नव्हती तर खरंच काय काय दिसायचं. एका शनिवारी एक घार आली, सुरमईचा तुकडा उचलून उडाली, आणि तो थेट एका नवऱ्यामुलाच्या सजवलेल्या गाडीवर पडला. सगळं मार्केट हसलं. दिनानाथही पोट धरून हसला, आणि हसता हसता एकदम थांबला. ही हकिकत न्यायची कुठे?

त्याच्याच पुढच्या शनिवारी तो चंद्रावतीच्या पाटीपुढे उभा होता. चंद्रावती ही त्याची ठरलेली कोळीण, मोरा बंदराची, तोंडाची फटकळ. ती मांदेली निवडून देत होती. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. कान्हूचा होता. त्या प्रकारानंतर त्यालाही बराच वेळ बसवून चौकशी झाली होती, आणि लाजेनं त्यानं तांडेलाला तोंड दाखवलं नव्हतं.

‘तांडेल, गुस्सा मत करो,’ तो घाईनं बोलायला लागला. ‘जाळ्याचं नाय विचारत मी. कुछ नाय पूछता. फक्त सांगायचं हाय. कल हाट में अंकिताबाय को देखा—’

‘अंकिताला?’ दिनानाथच्या तोंडून निघून गेलं. मांदेलीची पिशवी हातात तशीच लोंबकळत राहिली.

‘हां! खुद बात किया मेरेसे. बोली—’

आणि दिनानाथचं डोकं पळत सुटलं. हाटात होती. म्हणजे बाहेर पडायला मोकळीक आहे. म्हणजे काम लांब आहे, नाहीतर आत्ताच उरकलंय. एकटी होती का? सामान किती घेतलं? बरंच घेतलं असेल तर आठवडाभर आत राहणार. हडकली का? हसली का? काय बोलली? एवढं एक वाक्य कान्हूनं सांगावं, की सगळं कळेल. अगदी सगळं कळेल. त्यानं एका हातानं पाटीची कड घट्ट धरली.

‘कान्हू, थांब!’ तो ओरडला. ‘नको सांगू.’

‘पर तांडेल, अच्छी बात हाय—’

‘चांगली असली तरी नको! मना काय बी सांगू नको. तिचं नाव बी काढू नको.’

त्यानं फोन कापला. चंद्रावती डोळे मोठे करून बघत होती. फोन लगेच पुन्हा वाजायला लागला. दिनानाथनं तो खिशात टाकला नाही, बंद केला नाही, नुसता तळहातावर धरला.

‘काका, घ्या की फोन,’ चंद्रावती म्हणाली. ‘घरचा हाय काय?’

‘घरचाच हाय,’ तो म्हणाला, आणि वाजायचा थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.